मोरसला गेलेला माणूस

आपल्याकडच्या जुन्या बायकांच्या तोंडी 'मोरस साखर' हा शब्द असे. पांढरी, दाणेदार, परदेशातून आलेली साखर ती मोरस. सोवळ्यातल्या नैवेद्याला ती चालत नसे. हाडांच्या कोळशाने शुद्ध करतात अशी बोलवा होती, म्हणून देवासाठी गूळ किंवा देशी साखर वेगळी ठेवायची. पुढे बंगभंगानंतर स्वदेशीचे वारे वाहू लागले तेव्हा परदेशी साखरेवर बहिष्कार पडला आणि सोवळे व देशप्रेम दोन्ही एका डब्यात मावले. मोरस म्हणजे मॉरिशस. गुजरातीत अजूनही 'मोरस' म्हटले की साखरच. ही साखर कुठून येते हे शब्दच सांगत होता. ती पिकवायला आपल्यातलीही माणसे गेली होती, त्यांच्यासाठी मात्र घराघरांत कुठला शब्द उरला नाही.

अलीकडे त्या माणसांचे पणतू-खापरपणतू उलट दिशेने येऊ लागले आहेत. बोलतात क्रिओल, फ्रेंच, इंग्रजी. जरासे मराठी, तेही शाळेत शिकलेले. हातात एक उतारा असतो. त्यावर एक क्रमांक, एक नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरची खूण, गाव, जिल्हा, जहाजाचे नाव आणि पोर्ट लुईच्या बंदरात उतरल्याची तारीख. जिल्ह्याच्या जागी 'रुत्नाघेरी' असे काहीतरी. गावाचे नाव तीनदा वाचले तरी लागत नाही. हा कागद तयार कसा झाला, कशासाठी झाला आणि त्यावरून मागे चालत गेले तर कुठवर पोचता येते, हे समजायला दोनशे वर्षांमागे जावे लागते.

हिंदी महासागरातल्या या बेटाला मॉरिशस हे नाव डचांनी दिले, १५९८ साली, आपल्या एका राजपुत्रावरून. ते गेले, १७१५ पासून फ्रेंच आले. १८१० साली इंग्रजांनी बेट घेतले, तेव्हा चाल करून गेलेल्या सैन्यात हिंदी शिपाईही होते. शरणागतीच्या अटींनुसार फ्रेंच मळेवाल्यांच्या जमिनी, त्यांचा कायदा, भाषा आणि धर्म यांना इंग्रजांनी हात लावला नाही. वरती इंग्रज गव्हर्नर, खाली फ्रेंच मालक, अशी ती व्यवस्था. ही गोष्ट लक्षात ठेवायची, कारण पुढे रामजी-गणूची नावे एका इंग्रजी कानाने ऐकली आणि दुसऱ्या फ्रेंच हाताने लिहिली, ती याचमुळे.

१८२५ साली विलायतेत मॉरिशसच्या साखरेवरची जकात वेस्ट इंडीजच्या साखरेइतकी खाली आली आणि बेटावर जिकडेतिकडे ऊस झाला. ऊस तोडायला गुलाम होते. १८३३ साली इंग्लंडच्या पार्लमेंटाने गुलामगिरी संपवण्याचा कायदा केला. मॉरिशसमध्ये तो १ फेब्रुवारी १८३५ पासून लागू झाला. मालकांना भरपाई म्हणून एकवीस लाख पौंडांहून अधिक रक्कम मिळाली. गुलामांना काही मिळाले नाही, उलट 'उमेदवारी'च्या नावाखाली आणखी चार वर्षे त्याच मालकाकडे राबावे लागले. ३१ मार्च १८३९ ला तेही बंधन सुटले, तसे बहुतेकांनी मळ्यांकडे पाठ फिरवली. मालकांना हे आधीच दिसत होते. हातात भरपाईचा पैसा होता आणि समुद्रापलीकडे हिंदुस्थान.

बेटाला हिंदी मजूर अगदीच अपरिचित नव्हते. १८१५ पासून बंगालमधून आणि नंतर मुंबई इलाख्यातूनही जन्मठेपेचे कैदी रस्ते-पूल बांधायला तिकडे पाठवले जात. १८३६ साली बीगल जहाजावरून आलेल्या चार्ल्स डार्विनला पोर्ट लुईत हे कैदी दिसले; सुमारे आठशे असल्याची नोंद त्याने करून ठेवली आहे. म्हणजे मुंबई इलाख्यातली काही माणसे त्या बेटावर गेली ती बेड्या घालून. वंशावळ शोधणाऱ्यांना ही शक्यता सहसा आवडत नाही, पण ती आहे.

करारावरचे पहिले ३६ मजूर २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलास' जहाजातून पोर्ट लुईला उतरले. कलकत्त्यात त्यांनी १० सप्टेंबरला करारावर अंगठे उठवले होते. पाच वर्षे मजुरी, महिना पाच रुपये, वर तांदूळ, डाळ, मीठ, तेल. इंग्रजी कागदांत त्यांना 'धांगर' म्हटले आहे. त्यावरून आपल्याकडच्या काही उत्साही मंडळींनी त्यांना मेंढपाळ धनगर ठरवून टाकले, ते चूक. ते छोटा नागपूरच्या डोंगरांतले आदिवासी. मॉरिशसमध्ये २ नोव्हेंबरला सुटी असते ती या ३६ जणांच्या स्मरणार्थ.

मालकांना हा सौदा भलताच मानवला. १८३९ पर्यंत पंचवीस हजारांच्या आसपास माणसे गेली. फसवून नेणे, जहाजावर कोंबणे, मळ्यावर मारहाण, पगार बुडवणे यांच्या तक्रारी विलायतेतल्या गुलामगिरीविरोधी मंडळींपर्यंत पोचल्या आणि १८३९ साली सरकारने ही वाहतूक थांबवली. थांबली ती तीनेक वर्षे. १८४२ च्या पंधराव्या कायद्याने ती पुन्हा सुरू झाली, पण आता सरकारच्या देखरेखीखाली. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीनच बंदरांतून माणसे न्यायची, प्रत्येक बंदरात सरकारमान्य एजंट, पोर्ट लुईत या लोकांसाठी 'रक्षक' नावाचा अधिकारी. एकट्या १८४३ सालात तीस हजारांहून अधिक माणसे उतरली. नोंदवह्यांचे राज्य खऱ्या अर्थाने सुरू झाले ते इथून.

आता आपल्या माणसाकडे येऊ.

कोकणातला माणूस पोटासाठी मुंबईला जाणे यात तेव्हाही नवल नव्हते. रत्नागिरी जिल्हा म्हणजे कातळ आणि वरकस जमीन. भात पिकायचे ते नदीनाल्याच्या काठाने, चिंचोळ्या पट्ट्यांत. त्यातला निम्मा वाटा खोताच्या घरी. उरलेल्यात पावसाळा निघत नसे. पेशवाई बुडाल्यावर सरदारांची आणि किल्ल्यांची नोकरीही गेली. तरुण पोरे पडावात बसून मुंबई गाठत. कोणी कंपनीच्या पलटणीत शिरे, कोणी गोदीवर ओझी उचले. घाटावरून, साताऱ्या-पुण्याकडूनही माणसे उतरत. भरती करणारा मुकादम त्यांना गावात येऊन भेटे असे नाही. तो मुंबईतच असे. पुष्कळदा तो स्वतः मोरसला जाऊन आलेला असे, अंगात चांगला सदरा, कनवटीला चार पैसे. मळेवाल्यांनी अशाच परतलेल्या माणसांना पुन्हा आपल्या गाववाल्यांना आणायला पाठवायची पद्धत पाडली होती. अनोळखी दलालाच्या भूलथापांपेक्षा ओळखीच्या माणसाचे बोलणे लवकर पटते. फसवणूक झालीच तर तीही ओळखीच्या माणसाकडून.

या भरतीचा एक परिणाम आज शोध घेणाऱ्याला भोवतो. माणूस मुंबईत भरती झाला, कारकुनाने विचारले "कुठचा?", त्याने कधी गाव सांगितले, कधी नुसतेच "मुंबई". ज्याच्या रकान्यात मुंबई लिहिले गेले त्याचा माग तिथेच संपतो.

एकूण हिशेबात मुंबईचा वाटा लहान होता. १८३४ ते १९२० या काळात साडेचार लाखांहून अधिक हिंदी माणसे मॉरिशसला गेली. बहुतेक कलकत्त्याहून आणि मद्रासहून. मुंबईचा ओघ १८४० आणि १८५० च्या दशकांत वाहिला आणि १८६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत आटत गेला. त्या सुमारास मुंबई बदलत होती. १८५३ ला ठाण्यापर्यंत आगगाडी धावली, मग बोरघाटात बोगदे खणायला हजारो हात लागले. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला, गिरण्या उभ्या राहू लागल्या. घराजवळ मजुरी मिळत असताना काळे पाणी ओलांडायचे कशाला? मॉरिशसमधला मराठी समाज इतर भाषिकांपेक्षा लहान का, याचे उत्तर मला तरी या आगगाडीत आणि कापसात दिसते.

शिडाच्या जहाजाला मुंबईहून महिना-दीड महिना लागे. वारा पडला तर अधिक. पटकी शिरली तर जहाज बंदराला लागू देत नसत. १८५६ साली कलकत्त्याहून आलेल्या दोन जहाजांवरच्या लोकांना गॅब्रिएल नावाच्या उजाड बेटावर उतरवून ठेवले आणि त्यांतले शेकडो तिथेच मेले. बातमी हिंदुस्थानात पोचली, वाहतूक काही महिने थांबली, पुन्हा चालू झाली. १८५९ या एका सालात चाळीस हजारांहून अधिक माणसे उतरली.

पोर्ट लुईत उतरल्यावर सोळा दगडी पायऱ्या. त्या चढल्या की १८४९ साली उभारलेले आगमन-केंद्र. आज त्याला आप्रवासी घाट म्हणतात; आधीचे नाव कुली घाट. १९८७ साली नाव बदलले, २००६ साली युनेस्कोने ते जागतिक वारसा म्हणून जाहीर केले. मूळ इमारतींतला मोठा भाग मोटाररस्त्याखाली गेला, पण पायऱ्या शाबूत आहेत. इथे दोनेक दिवस माणसांना ठेवत. नाव विचारत, उंची मोजत, अंगावरचे व्रण शोधत आणि प्रत्येकाला एक क्रमांक देत. हा क्रमांक त्या माणसाला मरेपर्यंत चिकटे. लग्न झाले, मळा बदलला, तुरुंगात गेला, माघारी फिरला, मेला, तर त्याची नोंद याच क्रमांकापुढे.

बाकीचे सगळे निसरडे होते. आपल्याकडच्या कागदांत त्या काळी 'रामजी बिन भिवाजी' अशी लिहिण्याची रीत होती; आडनाव हा सर्वसाधारण कुणब्या-मजुराच्या रोजच्या बोलण्यातला भागच नव्हता. कारकुनाने विचारले नाव, तर रामजी. बापाचे नाव, तर भिवाजी. तेवढेच लिहिले गेले. पुढे मॉरिशसच्या फ्रेंच वळणाच्या जन्ममृत्यू-नोंदणीला प्रत्येक माणसाला आडनाव हवे झाले, तेव्हा खापरपणजोबाचे किंवा त्याच्या बापाचे पाळण्यातले नावच आडनाव झाले. आज मॉरिशसमध्ये भिवाजी, गणू अशी आडनावे भेटतात ती अशी. म्हणजे रत्नागिरीतले भाऊबंद आज सावंत असतील, कदम असतील, आणि मॉरिशसमधला त्यांचा चुलत घराण्यातला माणूस स्वतःला भिवाजी म्हणवत असेल. आडनावावरून एकमेकांना ओळखायची सोय नाही. जातीच्या रकान्यात अनेकांपुढे नुसते 'मराठा' आढळते, पण तो कारकुनाने मुलखावरून मारलेला शिक्का की माणसाने सांगितलेली जात, हे त्या एका शब्दावरून ठरवणे धोक्याचे.

गावाचे नाव म्हणाल तर आणखी घोळ. कोकणी माणसाचे गाव म्हणजे त्याची वाडी. कारकुनाला वाडीशी देणेघेणे नव्हते. एकाच नावाची गावे किती! आंबवली म्हणावे तर कुठली, खेडची की मंडणगडची? शिवाय हद्दी सरकल्या. १८४५ साली साताऱ्याहून निघालेला माणूस छत्रपतींच्या संस्थानातून निघाला होता; ते संस्थान १८४८ साली खालसा झाले. नोंदवहीत 'रत्नागिरी' लिहिलेला माणूस मालवणचा असेल तर आज त्याचे गाव सिंधुदुर्ग जिल्ह्यात शोधावे लागते, कारण तो जिल्हा १ मे १९८१ ला वेगळा झाला. पणतू बिचारा रत्नागिरीच्या कचेरीत विचारपूस करत बसतो.

मळ्यावरच्या आयुष्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मी दोनच गोष्टी सांगतो, कारण शोधाशी त्यांचा संबंध आहे. पहिली 'दुहेरी काट'. एक दिवस कामावर आला नाही तर दोन दिवसांची मजुरी कापायची. तापाने पडला तरी काट, बायकोच्या बाळंतपणात थांबला तरी काट. महिनाअखेर पाच रुपयांतले काय हाती येई ते मालकाच्या वहीवर अवलंबून. परतीच्या प्रवासाचा खर्च मालकाने द्यायचा ही अटही १८५० च्या दशकाच्या सुरुवातीला निघाली. त्यामुळे करार संपलेली माणसे बेटावरच अडकत किंवा रमत गेली. १८६१ च्या शिरगणतीत बेटाच्या सुमारे ३ लाख १० हजार लोकसंख्येत हिंदी माणसे १ लाख ९२ हजार होती.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. करार संपलेल्या 'जुन्या' माणसांनी भाजी पिकवली, गाई पाळल्या, डोक्यावर टोपली घेऊन फेरी धरली. मालकांना हे खुपले. मोकळा माणूस मळ्यावर परत यायला हवा. १८६७ साली गव्हर्नर बार्कलीच्या कारकिर्दीत नवा कायदा झाला. आधीच्या वर्षीच बेटावर हिवतापाची साथ शिरली होती; त्या एका १८६७ सालात हजारो माणसे मेली, आणि त्याच सालात हा कायदा. प्रत्येक जुन्या माणसाने फोटो लावलेले तिकीट जवळ बाळगायचे, शिवाय राहत्या तालुक्याचा पोलिसी पास. तालुक्याबाहेर पाऊल टाकले आणि कागद दाखवता आला नाही तर भटक्या म्हणून अटक. तिकीट हरवले तर दुसऱ्यासाठी पदरचे पैसे मोजायचे. पोलिसांच्या टोळ्या वाड्यावस्त्यांवर धाडी घालत. त्या धाडींना तिथे 'भटक्यांची शिकार' म्हणत.

अडॉल्फ द प्लेव्हित्झ नावाचा एक जर्मन वंशाचा मळा-व्यवस्थापक या प्रकाराला वैतागला. नुव्हेल देकूव्हर्त इथे तो सासऱ्याचा मळा सांभाळत असे. १८७१ साली त्याने जुन्या मजुरांचा अर्ज तयार केला आणि त्यावर ९,४०१ जणांच्या सह्या-अंगठे घेतले. मळेवाल्यांच्या बाजूच्या माणसाने त्याला भर पोर्ट लुईत मारले. पण अर्ज विलायतेला पोचला. १८७२ साली फ्रेअर आणि विल्यमसन हे दोन चौकशी आयुक्त बेटावर आले आणि १८७५ साली त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. बाबाराव-तात्यारावांच्या नव्हे, निरक्षर मजुरांच्या अंगठ्यांनी हे घडवले, याची जाणीव आपल्याकडच्या इतिहासाच्या पुस्तकांना फारशी नाही.

आता गंमत पाहा. मुंबईहून गेलेली बहुतेक माणसे फोटोची पद्धत रूढ होण्याआधी उतरली होती. येताना त्यांचा चेहरा कुणी टिपला नाही. तो टिपला गेला तो या जाचक तिकिटासाठी. पोलिसाला ओळख पटावी म्हणून काढलेला, खांदे उघडे, डोळे थेट समोर, छातीशी क्रमांक, असा तो फोटो. कोकणातल्या ज्या घरांत आज पणजोबाचाही फोटो नाही, त्या घरातल्या मोरसला गेलेल्या माणसाचा चेहरा असा एखाद्या वहीत राहिलेला असू शकतो.

या वह्या आज मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत. भारत आणि मॉरिशस यांनी मिळून १९७० साली ही संस्था उभी केली. पणतू तिथे जातो तो घरातली जन्म-लग्न-मृत्यूची प्रमाणपत्रे घेऊन. आपल्यापासून सुरू करून एकेक पिढी मागे जायचे. ज्या प्रमाणपत्रावर पूर्वजाचा क्रमांक सापडेल तिथे निम्मे काम फत्ते. क्रमांक मिळाला की वही उघडते आणि उतारा हातात येतो. माणसाला पकडण्यासाठी केलेला हिशेब इतका चोख होता की दीडशे-पावणेदोनशे वर्षांनी तो घरी पोचवायला कामाला येतो.

उत्तरेकडच्यांना हे जमले आहे. मॉरिशसचे पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम यांचे वडील मोहित हे अठरा वर्षांचे असताना १८९६ साली 'हिंदोस्तान' जहाजातून आले. त्यांचे बिहारमधल्या भोजपूर भागातले हरिगाव आता सगळ्यांना माहीत आहे. राष्ट्रपती असताना कैलाश पुर्याग २०१३ साली पाटण्याजवळच्या आपल्या पूर्वजांच्या गावी जाऊन आले. पण तुलना करताना एक फरक ध्यानात ठेवावा. मोहित गेले १८९६ साली. त्यांच्या आणि त्यांच्या मुलाच्या मध्ये कोणी नव्हते. मराठी घराण्यांचा मूळ पुरुष त्याच्याही चाळीस-पन्नास वर्षे आधी गेलेला. दोन पिढ्या जास्त, विस्मरणही तेवढेच जास्त. शिवाय सुरुवातीच्या काळात बायका फारच थोड्या जात. मूळ पुरुष सापडतो, मूळ स्त्री पुष्कळदा सापडत नाही.

या मराठी माणसांनी बेटाच्या पश्चिम भागात, ब्लॅक रिव्हर जिल्ह्यात आणि कॅस्कॅव्हेल-व्हाकोआच्या बाजूला घर केले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी साखरेचा भाव पडला तेव्हा मालकांनी हलक्या जमिनींचे तुकडे पाडून विकायला काढले. ज्यांनी पै-पै साठवली होती त्यांनी ते घेतले आणि मजुरांची पोरे उसाचे छोटे बागायतदार झाली. हेन्रिएटात १८९६ साली भिवाजी कुटुंबाने पहिला गणपती बसवला असे तिथे सांगतात. टिळकांनी पुण्यात सार्वजनिक उत्सवाला जोर दिला त्याला तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती, पण हा गणपती पुण्याहून गेलेला नसणार. तो कोकणातल्या घरचा गणपती. आज गणेशचतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुटी असते.

भाषा हळूहळू गेली. मळ्यावर भोजपुरी बोलणारे बहुसंख्य, बाजारात क्रिओल, कचेरीत फ्रेंच-इंग्रजी. मराठी उरले संध्याकाळच्या 'बैठकां'मध्ये आणि आरतीत. पण एक गोष्ट गेली नाही. तिथले मराठी लोक 'झाकरी' नावाचा नाच करतात, मध्ये ढोलकी-झांज, भोवती रिंगण, पायाचा ठेका. कोकणातल्या कुणालाही तो पाहताक्षणी कळेल. ही आपली जाखडी, गणपतीतला बाल्यानाच. क्रमांक, उंची, जिल्हा हे सगळे कारकुनाच्या लेखणीतून आले. हा पायाचा ठेका थेट आला. शोध घेणाऱ्याने मला विचारले तर मी सांगेन, गावाचे नाव लागत नसेल तर आधी आजोबांना नाचायला सांगा.

करारी मजुरीचा शेवट घडवण्यात मराठी माणसाचा हात होताच. दक्षिण आफ्रिकेहून परतताना गांधीजी १९०१ साली तीनेक आठवडे मॉरिशसला होते. त्यांच्या सांगण्यावरून मणिलाल डॉक्टर हे वकील १९०७ साली तिथे गेले आणि मजुरांचे खटले लढले. इकडे मध्यवर्ती कायदेमंडळात गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९१० साली दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळला मजूर पाठवणे बंद करण्याचा ठराव आणला आणि तो मान्य झाला. त्याच साली लॉर्ड सँडरसनच्या समितीने मॉरिशसला नवे मजूर नेण्याची गरज उरली नसल्याचा निर्वाळा दिला. १९१२ साली गोखल्यांनी करारी मजुरीच बंद करा असा ठराव मांडला, तो मात्र सरकारी मतांनी पाडला; ती बंद व्हायला १९१७ साल उजाडले. गोखल्यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकचा, १८६६ चा. मुंबई बंदरातून मोरसला जाणारा ओघ नुकताच आटला होता आणि ज्या मुलखातून तो वाहिला त्याच मुलखात हा मुलगा जन्मला.

मुंबईकडची बाजू मात्र अजून फारशी उघडलेली नाही. मुंबई इलाख्याचे सरकारी दप्तर एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य अभिलेखागारात आहे. गावोगावी खोतांची दप्तरे आहेत, वाळवीने खाल्लेली, पण आहेत. त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या क्षेत्रोपाध्यांच्या वह्यांत गावागणिक घराण्यांची नावे आहेत; गेलेला माणूस तिथे पोचला नसेल, पण मागे राहिलेला भाऊ कधीतरी पोचला असेल आणि त्याने बापाचे नाव लिहवले असेल. मोक्याच्या वहीत बापाचे नाव आहेच. दोन्हीकडचे भिवाजी जुळले तर घर सापडले.

आणि एक जागा प्रत्येकाच्या घरी आहे. देव्हाऱ्याखालच्या पेटीत किंवा कुण्या काकांच्या वहीत लिहिलेली वंशावळ काढून बघा. चार भावांतल्या तिघांच्या खाली फांद्या असतील आणि चौथ्यापुढे एकच शब्द असेल: 'परागंदा'. तो माणूस १८४० ते १८६५ च्या दरम्यान पंचविशीतला असेल, तर त्याचे नाव, त्याच्या बापाचे नाव, गावाचे आणि वाडीचे तेव्हाचे नाव एका कागदावर लिहा आणि मोक्याला पाठवा.